चित्रातली खरखर आणि कच्ची नोंद

शाळेचे स्नेहसंमेलन चालू आहे. रंगमंचावर मुले नाच करीत आहेत आणि आपण प्रेक्षकांत बसून मोबाइलने फोटो काढतो आहोत. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला की मुलांचे चेहरे ठीक दिसतात, पण मागचा काळा पडदा काही काळा दिसत नाही. त्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके पसरलेले असतात. उरलेली रांगोळी कुणी चिमटीचिमटीने उधळावी तसे. 'मोबाइल स्वस्तातला आहे, दुसरे काय!' असे म्हणून आपण विषय संपवतो.

पण विषय तिथे संपत नाही. महागड्यातला महागडा कॅमेरा घेतला तरी हे ठिपके कमी होतात, नाहीसे होत नाहीत. त्यांतला काही भाग यंत्राचा दोष आहे हे खरे, पण काही भाग हा खुद्द प्रकाशाचा स्वभाव आहे. गंमत म्हणजे ज्यांनी या ठिपक्यांचा सर्वांत कसून अभ्यास केला, त्या खगोलशास्त्रज्ञांनी मूळ चित्रातले ठिपके पुसायचे नाहीत, जसेच्या तसे जपून ठेवायचे, असा नियम केला. असे का, हे समजून घेण्यासाठी आपल्याला सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागेल.

आधी कानाला, मग डोळ्यांना

या ठिपक्यांना इंग्रजीत 'नॉइज' म्हणतात, म्हणजे गोंगाट. चित्राला गोंगाट कसला? हा शब्द आला टेलिफोन आणि रेडिओच्या जगातून. जुन्या रेडिओवर दूरचे स्टेशन लावून आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढायची, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निर्वात नळ्यांच्या साहाय्याने क्षीण विद्युत संदेश कितीतरी पटींनी मोठे करता येऊ लागले. तेव्हा प्रश्न पडला, की नळ्या अधिकाधिक निर्दोष केल्या तर कितीही क्षीण संदेश ऐकता येईल का?

जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की याने १९१८ मध्ये याचे उत्तर 'नाही' असे दिले. विजेचा प्रवाह हा नळातल्या पाण्यासारखा अखंड वाटतो, पण तो सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो. नळीतून ते एकेकटे, आपापल्या वेळी निघतात. पत्र्यावर छर्रे पडावेत तसा त्यांचा मारा थोडा कमी, थोडा जास्त होत राहतो. जर्मन भाषेत छर्ऱ्यांना 'श्रोट' म्हणतात. त्यावरून या परिणामाला शॉट्कीने नाव दिले आणि त्यातूनच इंग्रजीत 'शॉट नॉइज' हा शब्द रूढ झाला. नळी कितीही चांगली केली तरी ही खरखर जाणार नाही, कारण ती इलेक्ट्रॉनच्या सुटेपणातून येते.

पुढे १९२८ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन याने दुसरी खरखर मोजली. साधा रोध घेतला, त्याला बॅटरी जोडलेली नसली, तरी त्याच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाबाची बारीकशी थरथर असते आणि ती तापमानाबरोबर वाढते. हॅरी नायक्विस्ट याने त्याच वर्षी तिचे गणित मांडले. (हे दोघेही मूळचे स्वीडनचे.) ही खरखर उष्णतेची. पदार्थ उबदार आहे, म्हणजे त्यातले कण हलत आहेत, म्हणून ती आहे.

थोडक्यात, दोन गोष्टी कळल्या. जे कणाकणाने येते ते कमीजास्त होतच येते आणि जे उबदार आहे ते थरथरतेच. आपल्या फोटोतले ठिपके समजायला या दोन गोष्टी जवळजवळ पुरेशा आहेत.

घोड्यांच्या लाथा आणि दोन फासे

कणाकणाने येणाऱ्या गोष्टींचे गणित मात्र विजेच्याही आधीचे आहे. फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये, न्यायालयांच्या निकालांच्या संभाव्यतेवरील ग्रंथात, ते मांडले. त्याचा एक विलक्षण दाखला १८९८ मध्ये बोर्टकीविच या अर्थशास्त्रज्ञाने दिला. प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले, याची वीस वर्षांची आकडेवारी त्याने तपासली. त्यातल्या दहा तुकड्यांच्या, म्हणजे एकूण २०० 'तुकडी-वर्षांच्या' नोंदींत १२२ मृत्यू होते. सरासरी ०.६१. पण प्रत्यक्षात १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत तर चार मृत्यू होते. ज्या तुकडीत चार मेले तिथले घोडे विशेष खट्याळ होते असे म्हणण्याचे कारण नाही. निव्वळ योगायोगाने इतका फरक पडतो आणि प्वासाँचे सूत्र जवळजवळ हेच आकडे देते.

आता घोड्यांच्या जागी प्रकाश ठेवू. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनी येते असे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये सुचवले. या पुड्यांना पुढे 'फोटॉन' हे नाव मिळाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या एखाद्या चिमुकल्या घरात ठरावीक वेळेत सरासरी १०० फोटॉन पडतात असे धरा. शेजारशेजारच्या घरांवर प्रकाश अगदी सारखा पडत असला तरी एकात ९२ पडतील, दुसऱ्यात १०७, तिसऱ्यात ९९. हा फरक साधारणपणे सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. १०० चे वर्गमूळ १०, म्हणजे फरक १० टक्के. फोटॉन १०,००० असतील तर फरक १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. आणि फोटॉन चारच असतील तर फरक २ चा, म्हणजे चक्क ५० टक्के! प्रकाश कमी झाला की ठिपके का दिसू लागतात, याचे मुख्य उत्तर हेच आहे.

हे वर्गात करून पाहता येते. फळ्यावर ६ आडव्या आणि ६ उभ्या ओळींचा, ३६ घरांचा तक्ता काढा. वेगवेगळ्या रंगांचे दोन फासे घ्या. एक फासा ओळ सांगेल, दुसरा स्तंभ. प्रत्येक टाकीला त्या घरात एक ठिपका द्या. हा आपला फोटॉन. एकूण ३६ टाकी झाल्या की थांबा. दर घरी सरासरी एक ठिपका, पण जवळपास १३ घरे रिकामी दिसतील आणि दोन-तीन घरांत तीन किंवा अधिक ठिपके. मुलांना विचारा, 'हा तक्ता सारखा उजळलेला आहे असे कोणी म्हणेल का?' मग चाळीस मुलांना प्रत्येकी नऊ टाकी टाकू द्या (आधीचे ठिपके पुसून). आता ३६० टाकी झाल्या, सरासरी १०. बहुतेकदा तीन-चतुर्थांशाच्या आसपास घरांत ७ ते १३ ठिपके सापडतील आणि दुरून पाहिले तर तक्ता बऱ्यापैकी एकसारखा दिसेल. फासे तेच, तक्ता तोच. फक्त 'प्रकाश' वाढला.

हाच विचार अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत दूरचित्रवाणीच्या कॅमेरानळ्यांवर काम करणाऱ्या अल्बर्ट रोझ याने १९४८ मध्ये डोळ्यांना लावला. चित्रातला एखादा बारकावा खात्रीने ओळखता यायचा, तर तो आसपासच्या खरखरीच्या सुमारे पाचपट ठळक असावा लागतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे त्याने एकाच स्त्रीच्या चित्राची एक मालिका प्रसिद्ध केली. पहिले चित्र सुमारे ३ हजार फोटॉनांनी बनलेले, शेवटचे सुमारे २ कोटी ८० लाख. पहिल्यात काळ्या पडद्यावरचे काही पांढरे ठिपके तेवढे दिसतात, शेवटच्यात नितळ छायाचित्र. चित्र म्हणजे मोजणी आहे, हे इतक्या सोपेपणाने क्वचितच कोणी दाखवले असेल.

सिलिकॉनवरच्या बादल्या

१७ ऑक्टोबर १९६९ रोजी बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी फळ्यापाशी उभे राहून तासाभरात एका नव्या उपकरणाचा आराखडा तयार केला. त्यांना हवी होती संगणकाची स्मृती, तयार झाला तो कॅमेऱ्याचा डोळा. या उपकरणाला सीसीडी म्हणतात आणि त्याबद्दल दोघांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चित्र टिपण्यासाठी त्याचा वापर कसा करायचा, हे प्रत्यक्षात आणण्यात तिथल्याच मायकेल टॉम्पसेट याचा मोठा वाटा होता.

सीसीडीची कल्पना करायला अंगणात ओळीने मांडलेल्या बादल्या डोळ्यांसमोर आणाव्यात. पाऊस पडतो आहे. प्रत्येक बादलीत थोडे पाणी साठते. पाऊस थांबला की प्रत्येक बादलीतले पाणी शेजारच्या बादलीत, तिचे पुढच्या बादलीत, असे ओतत ओतत ओळीच्या टोकाला आणायचे आणि तिथे एकाच मापाने मोजायचे. इथे पाऊस म्हणजे फोटॉन, पाणी म्हणजे त्यांनी सिलिकॉनमध्ये मोकळे केलेले इलेक्ट्रॉन आणि टोकाचे माप म्हणजे एक छोटा विवर्धक.

आता खरखर कुठून येते ते स्पष्ट होईल. पाऊसच थेंबाथेंबाने येतो, ही प्रकाशाची खरखर. ती कोणीच घालवू शकत नाही. दुसरे, बादल्यांच्या तळातून आपोआप थोडे पाणी पाझरते. सिलिकॉन उबदार असल्यामुळे अंधारातही काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. तापमान साधारण ६ ते ८ अंश सेल्सिअसने वाढले की हा पाझर दुप्पट होतो. म्हणून दुर्बिणीवरचे कॅमेरे शून्याखाली कितीतरी अंश थंड ठेवतात. तिसरे, टोकाचे माप थोडे हलते. दर मोजणीत काही इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात. ही चूक कमी करायची एक नामी युक्ती १९७४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीत मार्विन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. पाणी ओतण्याआधी रिकामे माप एकदा वाचायचे, ओतल्यावर पुन्हा वाचायचे आणि दोहोंतली वजाबाकी धरायची. वाणी आधी रिकामे भांडे तोलून घेतो, तसेच हे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅमेऱ्यावर 'आयएसओ' नावाचा आकडा असतो आणि तो वाढवला की ठिपके वाढतात असे आपण ऐकतो. वास्तविक तो आकडा वाढवल्याने जास्त प्रकाश आत येत नाही. आलेल्या थोड्या प्रकाशाची मोजणी तेवढी मोठी करून दाखवली जाते. रेडिओचा आवाज वाढवण्यासारखेच हे आहे. खरखर आधीपासूनच होती, ती ऐकू यायला लागली इतकेच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात घरे फार लहान असतात, त्यामुळे प्रत्येक घराच्या वाट्याला येणारे फोटॉनही थोडे.

डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने सीसीडी वापरून फिल्म नसलेला कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार घरे. एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बेयर याला १९७६ मध्ये रंगीत चित्रासाठीच्या जाळीचे पेटंट मिळाले. सिलिकॉनला रंग कळत नाही. म्हणून बेयरने प्रत्येक घरावर एकाच रंगाची काच ठेवली. निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर लाल, पाव घरांवर निळी. हिरवी जास्त, कारण उजेडातले बारकावे आपला डोळा त्या रंगात अधिक टिपतो. म्हणजे प्रत्येक घर तीनपैकी एकच रंग खरोखर मोजते. उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून ठरवावे लागतात. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हीच पद्धत आहे. रंगीत फोटोतल्या तीन आकड्यांपैकी दोन अंदाजाने भरलेले असतात, ही गोष्ट लक्षात ठेवू. पुढे ती कामी येईल.

खगोलशास्त्रज्ञांची शिस्त

सीसीडीचे महत्त्व सर्वांत आधी ओळखले ते आकाश पाहणाऱ्यांनी. छायाचित्रणाच्या काचेवर पडणाऱ्या शंभर फोटॉनांपैकी जेमतेम एक-दोन कामी येत. चांगल्या सीसीडीत पन्नासाहून अधिक, पुढे नव्वदपर्यंत. १९७६ मध्ये जेम्स जेनेसिक आणि ब्रॅडफर्ड स्मिथ यांनी अॅरिझोना विद्यापीठाच्या ६१ इंची दुर्बिणीला सीसीडी जोडून युरेनस आणि इतर ग्रहांची चित्रे घेतली.

या कामातून एक शिस्त रुजली. दर रात्री आकाशाच्या चित्रांबरोबर तीन प्रकारची 'निरुपयोगी' चित्रे घ्यायची. पहिले, झडप बंद ठेवून अगदी शून्य वेळाचे, म्हणजे रिकाम्या मापाचे वाचन. दुसरे, झडप बंद ठेवून पण पूर्ण वेळाचे, म्हणजे पाझर किती ते कळते. तिसरे, एकसारख्या उजळलेल्या पडद्याचे किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाचे, म्हणजे कोणते घर किती संवेदनशील आहे ते कळते. मग वजाबाकी आणि भागाकार करून आकाशाचे चित्र दुरुस्त करायचे. पण दुरुस्ती नेहमी प्रतीवर करायची. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही.

मूळ आकडे जपायचे तर ते कोणालाही, कधीही वाचता आले पाहिजेत. त्यासाठी १९७९ च्या सुमारास 'फिट्स' नावाची फाइलरचना ठरवण्यात आली. १९८१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ती स्वीकारली. तिच्या सुरुवातीला साध्या अक्षरांत मजकूर असतो. कोणती दुर्बीण, कोणती तारीख, किती सेकंद, किती ओळी, किती स्तंभ. संगणकाचा विशेष प्रोग्राम नसला तरी माणसाला तो वाचता येतो. शिवाय जुन्या फाइली निरुपयोगी होतील असा बदल रचनेत कधीच करायचा नाही, हे तत्त्व ठरले. पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झालेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आदित्य-एल१ यानाबरोबर गेलेली 'सूट' ही सूर्यदुर्बीण आपली निरीक्षणे याच रचनेत देते. व्हॅटिकनच्या ग्रंथालयानेही आपल्या जुन्या हस्तलिखितांची चित्रे दीर्घकाळ टिकवण्यासाठी हीच रचना निवडली.

ही शिस्त किती मोलाची ठरते, त्याची दोन उदाहरणे पाहू. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यान गुरूला ओलांडून पुढे गेले होते. लिंडा मोराबितो ही तरुण अभियंता यानाची दिशा तपासण्यासाठी गुरूच्या आयो या उपग्रहाचे एक चित्र पाहत होती. (या यानावरचा कॅमेरा सीसीडीचा नव्हता, जुन्या नळीचा होता.) तिला हवा होता मागचा एक अंधूक तारा. तो दिसावा म्हणून तिने मूळ आकड्यांतला काळोखाचा भाग उजळवून घेतला आणि आयोच्या कडेला छत्रीसारखे काहीतरी दिसले. आधी तो यंत्राचा दोष असेल असे वाटले. एकेक शक्यता तपासून बाद केल्यावर कळले की तो ज्वालामुखीचा उद्रेक आहे. पृथ्वीबाहेर चालू अवस्थेत सापडलेला तो पहिला ज्वालामुखी. 'सुंदर' दिसणारे चित्र तयार करताना कोणी काळोख नितळ करून टाकला असता, तर त्याबरोबर हा शोधही पुसला गेला असता.

दुसरे उदाहरण. ऑक्टोबर १९९८ मध्ये हबल दुर्बिणीच्या अवरक्त कॅमेऱ्याने सुमारे १३० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याची चित्रे घेतली. काही विशेष दिसले नाही. २००८ मध्ये जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी त्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर झाले. तेव्हा डेव्हिड लाफ्रेनिएर आणि सहकाऱ्यांनी १९९८ चे मूळ आकडे पुन्हा बाहेर काढले, ताऱ्याची तिरीप वजा करण्याची नवी पद्धत वापरली आणि २००९ मध्ये दाखवून दिले की सर्वांत बाहेरचा ग्रह त्या जुन्या चित्रात होताच! दहा वर्षे तो तिथे होता. २०११ मध्ये त्याच चित्रांतून आणखी दोन ग्रह मिळाले. चित्र तेच राहिले, वाचणारे शहाणे झाले.

कीर्द आणि खतावणी

सामान्य माणसाच्या कॅमेऱ्याचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. १९९१ मध्ये कोडॅकने बातमीदारांसाठी डिजिटल कॅमेरा विकायला काढला. निकॉनच्या कॅमेऱ्याला जोडलेला १.३ मेगापिक्सेलचा सीसीडी आणि खांद्याला अडकवायच्या पेटीत २०० मेगाबाइटची चकती. साठवणीची जागा फार महाग होती. म्हणून चित्र दाबून लहान करणे भाग होते. १९९२ मध्ये त्यासाठी 'जेपेग' हे मानक तयार झाले. त्याच्या मुळाशी असलेले गणित १९७४ मध्ये मूळचे बंगळूरचे नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी प्रसिद्ध केले होते.

जेपेग करताना कॅमेरा स्वतःच निर्णय घेतो. रंगांचे अंदाज भरतो, पांढरा म्हणजे कोणता पांढरा ते ठरवतो, ठिपके पुसतो, कडा धारदार करतो, मूळ १२ बिटांच्या ४०९६ पायऱ्यांच्या जागी ८ बिटांच्या २५६ पायऱ्या ठेवतो, डोळ्यांना जाणवणार नाही असे वाटते ते टाकून देतो. आणि मूळ मोजणी फेकून देतो. आपल्याकडे व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजचे व्यवहार घडतील तसे कीर्दीत लिहितात आणि मग खात्यांप्रमाणे खतावणीत नेतात. खतावणी वाचायला सोयीची, पण वाद झाला तर कीर्द बघतात. जेपेग ही खतावणी. तिच्यात चूक नाही, रोजच्या कामाला ती उत्तमच आहे. पण कीर्द जाळून टाकली तर खतावणी तपासणार कशाशी?

ही कीर्द म्हणजे 'रॉ' फाइल, कच्ची फाइल. प्रत्येक घरात मोजलेला आकडा, शक्यतो जसाच्या तसा. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात दर घरी १४ बिट धरले तर ती न दाबता सुमारे २१ मेगाबाइटची होते. १९९९ च्या निकॉन डी१ सारख्या कॅमेऱ्यांपासून अशी फाइल व्यावसायिक छायाचित्रकारांच्या रोजच्या वापरात येऊ लागली.

पण एक अडचण होती. खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून एक रचना ठरवली होती. इथे प्रत्येक कंपनीची रचना वेगळी आणि बहुधा अप्रकाशित. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांच्या फाइलीही सारख्या नसत. फोटो आपला, पण तो उघडायची किल्ली कंपनीकडे. १९९७ मध्ये डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रामरने स्वतःच्या कॅमेऱ्याच्या फाइली उलगडण्यासाठी 'डीसी-रॉ' नावाचा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. नंतर तो एकेक कॅमेरा त्यात सामील करीत गेला आणि सारा मजकूर सर्वांना खुला ठेवला. २००४ मध्ये अॅडोबी कंपनीने सर्वांसाठी एक समान, प्रकाशित रचना पुढे ठेवली, तिचे नाव डीएनजी. काही कंपन्यांनी ती स्वीकारली, मोठ्या कंपन्यांनी बहुतेक आपापलीच ठेवली. २००५ मध्ये तर निकॉनच्या एका नव्या कॅमेऱ्यात पांढऱ्या रंगाच्या समतोलाची माहिती सांकेतिक लिपीत बंद केल्याचे उघड झाले आणि छायाचित्रकारांमध्ये मोठी खळबळ उडाली. कॉफिनने ती लिपीही उलगडली. २०१८ नंतर त्याने आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती काढलेली नाही. पण मजकूर खुला असल्याने इतरांनी त्यावर पुढचे काम चालू ठेवले आहे. एका माणसाच्या चिकाटीवर हजारो लोकांच्या मूळ नोंदी अवलंबून राहाव्यात, ही गोष्ट कौतुकाची आहे, तशी काळजीचीही.

तारा की ठिपका?

कच्ची फाइलही नेहमी पूर्ण कच्ची असते असे नाही. दीर्घ वेळाची चित्रे घेणाऱ्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या लक्षात आले, की काही कॅमेऱ्यांच्या कच्च्या फाइलींतून बारीक तारे गायब होतात. एकट्याच उजळ दिसणाऱ्या घराला कॅमेरा खरखर समजत होता आणि फाइल लिहिण्याआधीच पुसत होता. यात कॅमेऱ्याला तरी काय दोष द्यावा? एका घरापुरता अंधूक तारा आणि एका घरापुरता ठिपका, दोन्ही दिसायला सारखेच. फरक कळतो तो पुन्हा पुन्हा चित्र घेतल्याने. तारा आपल्या जागी परत येतो, योगायोगाने पडलेला ठिपका येत नाही.

हेच तत्त्व आज मोबाइलमध्ये वापरतात. आपण एकदा बटण दाबतो, तेव्हा फोन अनेक चित्रे घेऊन ती जुळवतो. नऊ चित्रांची सरासरी काढली की खरखर एक-तृतीयांश होते, पुन्हा तेच वर्गमूळ. इथपर्यंत ही प्रामाणिक मोजणी आहे. पण काही फोन याच्याही पुढे जातात. २०२३ मध्ये एका फोनबद्दल असे दाखवून देण्यात आले, की चंद्राचे मुद्दाम पुसट केलेले चित्र त्याच्यासमोर धरले तरी फोटोत विवरे स्पष्ट उमटतात. फोनने चंद्र पाहिला नव्हता, चंद्र कसा दिसतो हे त्याला 'पाठ' होते.

इथे आम्हाला आमची शाळेतली प्रयोगवही आठवते. लंबकाच्या प्रयोगात निरीक्षणे कच्च्या वहीत पेन्सिलीने लिहायची आणि घरी जाऊन 'पक्क्या' वहीत उतरवायची. उतरवताना उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळेल असे दोन-तीन आकडे आम्ही गुपचूप बदलायचो. आलेख इतका सरळ यायचा की शाबासकी मिळायची! आमचा लंबक काय सांगत होता ते आम्ही कधी ऐकलेच नाही. आम्हाला उत्तर पाठ होते. आजही कितीतरी शाळांत हेच चालते आणि त्यात मुलांपेक्षा गुणपद्धतीचा दोष अधिक आहे. वेडेवाकडे आकडे लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलाचे गुण कापले जातात.

म्हणून एक करून पाहावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर जाड काळा कागद घट्ट धरून एक फोटो काढा आणि तो संगणकावर खूप उजळवून मुलांना दाखवा. शक्य असेल तर फोनमधली कच्च्या फाइलीची सोय वापरा. काहीच नसलेल्या फोटोतही काहीतरी आहे, हे मुले स्वतः पाहतील. मग फाशांचा तक्ता काढा. आणि त्यानंतर लंबकाचा प्रयोग घेताना सांगा, की या वेळी गुण कच्च्या वहीला आहेत. आकडे खोडायचे नाहीत, शंका आली तर शेजारी शंका लिहायची.